गुंठाभर अमेरिका

वर्ध्यात बसून परदेशी कंपनीचा शेअर घ्यायचा, तर आधी जिल्ह्याची परवानगी काढावी असं वाटतं. गांधीजींचा ग्रामोद्योग संघ 1934 साली इथलाच. 1936 साली ते स्वतः शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला आले. त्यात जिल्हाभर दारूबंदी. म्हणून बियर-व्हिस्कीवाल्या कंपन्या मी यादीतून पहिल्याच रात्री काढल्या. लाभांश आला असता तरी शेजाऱ्यांनी वास घेतला असता.

उरली ट्रॅक्टरवाली. हिरवं अंग, पिवळी चाकं, जॉन डीअर. आपल्याकडच्या वावरात दिसते, म्हणून ओळखीची. न्यूयॉर्कच्या बाजारात तिचा एक शेअर काहीशे डॉलरचा, पण तिकडे शेअरचा तुकडाही मिळतो. एकर परवडत नसेल तर गुंठा घ्या.

मग जोखीम मोजायला बसलो. रिझर्व्ह बँक माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू देते. एवढ्यात भागेल का, असं मी घरात गंभीरपणे विचारलं. हिने उत्तर न देता किराण्याची यादी पुढे केली. लाभांशातले पंचवीस टक्के अमेरिका परस्पर ठेवून घेते. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता भरावा लागतो, गुंठ्याचासुद्धा. तिकडचा बाजार उघडतो आपल्या संध्याकाळी सातला, हिवाळ्यात आठला, आणि मिटतो मध्यरात्र उलटून गेल्यावर. म्हणजे भाव पडला तर आपण झोपेत असणार, ही एक सोय.

सगळ्यात भारी कलम मरणाचं. आपण गेलो आणि तिकडची मालमत्ता साठ हजार डॉलरच्या वर निघाली, तर अमेरिका त्यावर कर लावते, चढत चढत चाळीस टक्क्यांपर्यंत.

"आधी तेवढे जमवा," ही म्हणाली, "मरायचं मग बघू."

शेवटी हिंगणघाटकडच्या काकाजींपुढे विषय काढला. काकाजी कापसातले.

"काकाजी, परदेशी शेअरात जोखीम लय दिसून राहिली."

"मंग आमची कोनती स्वदेशी हाय?"

खरंच होतं. बीटी कापसाला 2002 साली परवानगी मिळाली, तेव्हापासून बियाण्यातलं तंत्र परदेशी कंपनीचं. भाव न्यूयॉर्कच्या वायद्याकडे तोंड करून बसलेला. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्या वर्षीची वेचणी सुरू व्हायच्या आधीच दिल्लीने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काही काळापुरतं उठवलं.

"तू पैसे भरून परदेशात चालला. आम्ही वावरात बसल्या बसल्या गेलो. केवायसीबी नाही लागली."

तसा आमच्या जिल्ह्याचा जन्मच तिकडच्या भानगडीतला. नागपुरातून वर्धा वेगळा झाला 1862 साली. तेव्हा अमेरिकेत यादवी पेटलेली, तिकडचा कापूस अडकलेला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्या कापसाची एकाएकी आठवण आलेली. जिल्हा कारभाराच्या सोयीसाठी केला हे मला ठाऊक आहे, पण पत्रिका मांडायला काय जातं! त्या कापसाच्या पैशावर मुंबईत बॅक बेचा समुद्र बुजवणाऱ्या कंपनीच्या शेअरांचं वेड चढलं. 1865 साली तिकडे लढाई थांबली आणि इकडे शेअर, बँका आणि खुद्द शेअरांचा बादशहा प्रेमचंद रायचंद एकदमच खाली बसले. लढाई थांबली म्हणून माणसं बुडतात, हा धडा आमच्या इतिहासाच्या पुस्तकात नव्हता.

काकाजींनी सुपारी कातरली.

"बरं, ते टॅक्टरवालं चालते कसं?"

"2023 साली विक्रमी नफा होता. दहा अब्ज डॉलरच्या वर. पुढची दोन वर्षं मात्र उतरतच गेला."

"काऊन?"

"मक्याचे, सोयाबीनचे भाव पडले. तिकडच्या शेतकऱ्याच्या हाती पैसा नाही. तो जुनाच ट्रॅक्टर हाकून राहिला."

"सोयाबीन?"

"सोयाबीन."

काकाजींनी अडकित्ता खाली ठेवला.

"सोयाबीनचा तोटा घरी हायेच बाप्पा. थो डॉलर देऊन कायले घेतं?"