सहावा कोण?

फिलाडेल्फियात फेब्रुवारीच्या मध्याला सगळ्यांत चिंताक्रांत माणूस गाठायचा असेल, तर इस्पितळाच्या वाटेला जाऊ नये. फिलीज या बेसबॉल संघाचा चाहता गाठावा. त्या सुमारास दूर फ्लोरिडात, क्लिअरवॉटरच्या उन्हात, संघाचे पिचर आणि कॅचर सरावाला जमतात; इकडे हा गृहस्थ दारातलं बर्फ उपसता उपसता बोटं मोजू लागतो. तो नळदुरुस्ती करणारा असेल, दंतवैद्य असेल, विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत असेल. गृहस्थ म्हणायचं ते सवयीने. बायकाही हे व्रत तितक्याच कडकपणे पाळतात. संघाचा पहिला पिचर कोण, हे त्याला विचारू नये. ते शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा ही नावं तो एका दमात, कंटाळल्यासारखी उरकतो. मग थांबतो, आवाज खाली आणतो आणि ज्यासाठी आपला जन्म झाला अशी त्याची खात्री आहे तो प्रश्न टाकतो: "ते सगळं खरं हो, पण सहावा कोण?"

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला ही चिकित्सा फार वाटेल, म्हणून थोडा खुलासा. आपला गोलंदाज षटक टाकून सीमारेषेवर उभा राहतो, प्रेक्षकांना सह्या देतो, दम खातो. बेसबॉलच्या पिचरला ती सोय नाही. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, एकदा मधल्या उंचवट्यावर चढला की शंभराच्या आसपास चेंडू एकटाच फेकतो, त्यातले बरेचसे ताशी 150 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने. त्यानंतर चार-पाच दिवस तो सामन्यात उतरत नाही. म्हणून स्टार्टर पाच. तो दमला की बुलपेनमधल्या, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यातल्या, आठ जणांतून एकेक जण येतो. नियमाने संघात 26 खेळाडू आणि त्यांत पिचर जास्तीत जास्त 13. मोसम नऊ-नऊ इनिंगांच्या 162 सामन्यांचा, म्हणजे सुमारे 1,450 इनिंग. आता आपल्या गृहस्थाचा कागदी रुमालावरचा हिशोब पाहा. पाच स्टार्टरांनी प्रत्येकी 180 इनिंग टाकल्या, तर झाल्या 900. बुलपेनच्या आठांनी प्रत्येकी 65 टाकल्या, त्या 520. बेरीज 1,420. तीस इनिंग अजून उघड्यावर, आणि यात कोणाचा कोपर, खांदा किंवा पाठ दुखलेली नाही. कोणाला पडसंसुद्धा झालेलं नाही. शिवाय 180 हा आकडाही उदारच म्हणायचा: 2024 साली तीसही संघ मिळून 200 इनिंग गाठणारे पिचर निघाले चार. तेव्हा एक गोष्ट आधीच मान्य केलेली बरी. हा माणूस घाबरट नाही. त्याला बेरीज येते, एवढाच त्याचा दोष.

दुर्दैवाने तो बेरजेवर थांबत नाही. बेरजेतून तो शरीरशास्त्रात शिरतो. 1974 साली लॉस एंजेलिसच्या डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातली कंडरा काढून डाव्या कोपरातल्या निकामी लिगामेंटच्या जागी बसवली. जॉनने त्यानंतर 164 सामने जिंकले, शस्त्रक्रियेआधी जिंकले होते त्यापेक्षा चाळीस जास्त. तेव्हापासून ती शस्त्रक्रिया डॉक्टरच्या नव्हे, रोग्याच्या नावाने ओळखली जाते आणि फिलाडेल्फियातला प्रत्येक नळदुरुस्तीवाला कोपराचा तज्ज्ञ झाला आहे. स्वतःचा गुडघा तीन वर्षं कुरकुरतोय, तिकडे तो बघत नाही. पण संघाने "हात जरासा आखडला आहे, काळजी म्हणून एमआरआय करतोय" एवढं जाहीर केलं की त्याचा चेहरा उतरतो. शरीरशास्त्रामागून कायदा येतो. कोणत्या पिचरला किती मोसम खालच्या संघात धाडता येतं, एका मोसमात जास्तीत जास्त किती वेळा, पंधरा दिवसांच्या जखमी यादीतून साठ दिवसांच्या यादीत टाकलं की चाळीस जणांच्या यादीत जागा कशी मोकळी होते, ही कलमं त्याला तोंडपाठ असतात. घराच्या कर्जाचे कागद मात्र त्याने न वाचता सही केलेले असतात. तासाभराच्या अंतरावरच्या ॲलनटाउनमध्ये आयर्नपिग्ज हा फिलीजचा दुय्यम संघ खेळतो; तिथल्या चौथ्या पिचरचा चेंडू यंदा किती वळतो हेही त्याला माहीत असतं.

एवढी विद्या पाहून वाटतं, याला संघाच्या कचेरीतच बसवावं. नेमकं तेच करू नये, असं माझं म्हणणं आहे. हा चाहता संख्येत क्वचितच चुकतो आणि नावांत क्वचितच बरोबर येतो; वाद मात्र तो फक्त नावांवरच घालतो. लग्नाला पानं किती लागतील हे मुरलेला आचारी बरोबर सांगतो, पण येणार कोण याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. आपला गृहस्थ आचाऱ्याच्या अचूकपणे पानं मोजतो आणि मग हट्टाने प्रत्येक पानावर पाहुण्याचं नाव लिहून ठेवतो. 2023 चा मार्च आठवावा. फिलाडेल्फियात तेव्हा एकच विषय होता, अँड्र्यू पेंटर. वय अवघं एकोणीस, उंची दारात न मावणारी, चेंडू दिसेल न दिसेल असा. त्याला आत्ताच वर आणावा की ॲलनटाउनला मुरू द्यावा, यावर शहरात दोन तट पडले. सरावाच्या एका सामन्यानंतर पेंटरचा कोपर दुखावला, जुलैत शस्त्रक्रिया झाली आणि ते वर्ष आणि पुढचं अशी दोन्ही गेली. त्याच सुमारास रेंजर सुआरेझचा हातही दुखावला. म्हणजे सहावाच काय, सातवाही लागणार हे भाकीत तंतोतंत खरं ठरलं. पण जागा भरली कोणी? आधी बेली फॉल्टरने, तो पहिले सातही निकाल हरला. आणि मग ख्रिस्तोफर सांचेझने, ज्याच्यासाठी मार्चमध्ये कोणी कोणाशी भांडलेलं नव्हतं. 2019 च्या अखेरीस फारसा गाजावाजा न होता टँपा बेकडून आलेला हाच सांचेझ 2025 साली 200 वर इनिंग टाकून नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरच्या मतदानात दुसरा आला. दोन्ही तट हरले आणि संघाचं भलं झालं.

एका उदाहरणावर निकाल देऊ नये, असं कोणी म्हणेल. मग न्यूयॉर्कला चला. तिथल्या मेट्सच्या चाहत्यांनी काही वर्षं पाच तरुण पिचरांची नावं एका श्वासात घेतली: हार्वी, डिग्रॉम, सिंडरगार्ड, मॅट्झ, व्हीलर. कागदावर असा ताफा साऱ्या लीगमध्ये नव्हता. कागदावरच राहिला, कारण कोणाचा ना कोणाचा कोपर किंवा खांदा कायम सुताराकडे दिलेला. पाचही जण ओळीने एकामागोमाग उतरले ते थेट 2018 च्या एप्रिलमध्ये, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात संघाने हार्वीला संघाबाहेर काढलं. पहिल्या बारांपैकी अकरा सामने जिंकलेला तो संघ मोसमाअखेर 77 विजयांवर थांबला. गंमत पुढेच आहे. त्या यादीत शेवटी म्हटलं जाणारं नाव व्हीलरचं. तो फिलाडेल्फियाला गेला आणि तिथला पहिला झाला. शेजारच्या शहराने मोजताना शेवटी ठेवलेलं बोट या शहराचा अंगठा ठरलं.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप जुन्या जाणत्याचा. प्रत्येक टोळक्यात तो एक असतोच आणि सहाव्याचं नाव निघालं की त्याला 1968 आठवतं. त्या वर्षी सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने 34 सामने सुरू केले आणि 28 स्वतःच संपवले. नऊ इनिंगांमागे दिलेल्या धावांची सरासरी 1.12. पुढच्या मोसमापासून पिचरचा उंचवटाच 15 इंचांवरून 10 इंचांवर आणावा लागला. "आमच्या वेळी सहावा लागत नव्हता," हे त्याचं पालुपद. सहावा लागत नसेलही, पण चिंता होतीच. फक्त आकडा लहान होता. 1884 साली प्रॉव्हिडन्सचा चार्ल्स रॅडबर्न एकटा 678 इनिंग टाकून गेला, कारण संघाचा दुसरा भरवशाचा पिचर ऐन मोसमात निघून गेला. तेव्हा प्रश्न होता, दुसरा कोण? 1948 साली बॉस्टनमध्ये तो झाला, तिसरा कोण? तिथल्या एका वृत्तपत्रकाराने स्पान आणि सेन या जोडीवर कविता केली आणि त्यांच्यानंतर संघाने भरवसा पावसावर ठेवावा असं सुचवलं. कविता अजून सांगितली जाते. पण त्या मोसमात सेनने 24 सामने जिंकले आणि कवितेत जागा न मिळालेल्या व्हॉइसेल आणि बिकफर्ड यांनी मिळून तेवढेच, 13 आणि 11. स्पानचे होते 15. म्हणजे संघाला पावसाची गरज नव्हती, कवीला यमकाची होती. चेंडूचा वेग वाढत गेला, हात लवकर थकू लागले आणि प्रश्न दुसऱ्यावरून सहाव्यावर आला. जाणत्याला वाटतं माणसं नाजूक झाली. खरं तर त्याच जातीची काळजी वयाने मोठी झाली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेवटी ऑक्टोबरमध्ये सामने जिंकतो तो पहिला किंवा दुसरा. सहाव्याची चर्चा म्हणजे रिकामटेकडेपणा. याला पुरावा 2025 च्या वर्ल्ड सिरीजचा. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या योशिनोबू यामामोटोने दुसरा आणि सहावा सामना जिंकला आणि लगेच दुसऱ्या दिवशी, विश्रांतीशिवाय, सातव्यातही येऊन विजय मिळवला. याहून मोठं नाव आणि याहून मोठं काम दाखवता येणार नाही, हे मी मानतो. पण त्याच मालिकेतला तिसरा सामना अठरा इनिंग चालला. दोन दिवसांपूर्वी पूर्ण नऊ इनिंग टाकलेला यामामोटो नाइलाजाने बुलपेनमध्ये हात गरम करू लागला होता. त्याला उतरावं लागलं नाही, कारण विल क्लाइन नावाच्या, डॉजर्सच्या चाहत्यांनाही जेमतेम ठाऊक असलेल्या पिचरने शेवटच्या चार इनिंगांत 72 चेंडू टाकून एकही धाव दिली नाही. सहाव्याच्याही कितीतरी पलीकडच्या माणसाने पहिल्याचा हात राखला, म्हणून पुढचा पराक्रम झाला. वर्षभर आधीही, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, याच संघाने सॅन डिएगोला शून्यावर रोखलं ते आठ पिचर वापरून. तेव्हा आक्षेप अर्धा खरा आहे: नावं महत्त्वाची असतात. फक्त ती कोणती, हे मार्चमध्ये कळत नाही.

मग तिसरा आक्षेप उरतो, आणि तो विनोदाच्या मुळाशी जातो. संघाच्या कचेरीत पगारी माणसं आणि संगणक हेच काम करत असताना या गृहस्थाने नावांचा घोळ घालावाच कशाला? "पिचर पुष्कळ लागतील," एवढं म्हणून उठावं. पण यावर कोणाचाच मतभेद नाही आणि म्हणून यावर एक ग्लासभर बिअरसुद्धा संपत नाही. आकडा पटतो, त्याच्यावर जीव जडत नाही. पेंटरवर जडतो, फॉल्टरवर वैतागता येतं, ॲलनटाउनच्या चौथ्या पोरासाठी मेव्हण्याशी अबोला धरता येतो. जी गोष्ट आधी कळणं शक्य नाही तिच्यावरच फेब्रुवारी ते मार्च भांडत राहता येतं. निकाल लागेपर्यंत सगळेच पंडित असतात आणि निकाल लागल्यावर कोण काय म्हणाला होता हे कोणालाच आठवत नाही. कचेरीतल्या माणसाला चूक महाग पडते. याला ती फुकट आणि दरवर्षी नव्याने मिळते.

आणि समजा, देवाने त्याचं ऐकलंच? त्याचेही दाखले आहेत. 2011 साली फिलाडेल्फियात हॅलाडे, ली, हॅमल्स आणि ऑस्वाल्ट हे चौघे एकत्र आले. पाचवा ब्लँटन जखमी झाला, तर व्हान्स वर्ली उगवला आणि 11 सामने जिंकून तीनच हरला. संघाने 102 विजयांचा स्वतःचा विक्रम केला. बाद फेरीत गाठ पडली सेंट लुईसशी, ज्यांचा ॲडम वेनराइट फेब्रुवारीतच कोपर धरून वर्षभरासाठी गेला होता. निर्णायक सामन्यात हॅलाडेने धाव दिली एक. फिलाडेल्फियाच्या फलंदाजांनी काढल्या शून्य. सेंट लुईस पुढे वर्ल्ड सिरीज जिंकलं. त्याहून कडेलोट सिॲटलचा: 2003 साली तिथे संपूर्ण मोसम, 162 च्या 162 सामने, पाचच पिचरांनी सुरू केले. सहाव्याचं नावही काढावं लागलं नाही. चाहत्याच्या स्वप्नातलं ते वर्ष. संघ 93 सामने जिंकला आणि बाद फेरीत पोचलाच नाही. म्हणजे पिचर पुरले तरी सुख पुरेलच असं नाही, आणि हे आपल्या गृहस्थाला मनातून ठाऊक असावं. म्हणूनच उत्तर सापडलं की तो लगेच सातव्याकडे वळतो. संघाने त्याच्याकडून आकडा घ्यावा आणि नावं त्याच्यापाशीच राहू द्यावीत. चुकीची नावं इतक्या मायेने सांभाळणारा दुसरा कोणी पगार देऊनही मिळणार नाही.