मावा कुकी: कार्यपद्धती व आचारसंहिता

प्रस्तावना

सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी: आपण नानकटाई करत नाही आहोत. घरात वास सुटला की येणारा-जाणारा हाच प्रश्न विचारणार, तेव्हा उत्तर आधीच पाठ असलेलं बरं. "नानकटाई नाही. मावा केकच्या चवीची जाड, मऊ कुकी." एवढं लांबलचक ऐकून समोरचा "हां, म्हणजे नानकटाईच" असं म्हणून हॉलमध्ये जाईल. त्याला जाऊ द्यावं. ओव्हन तापलेला असताना वाद घालू नये.

आमच्या घरी या विषयातला शेवटचा शब्द आत्याचा. तिचं लहानपण गिरगावात गेलं, आणि १९१४ साली सुरू झालेलं ग्रँट रोडचं बी. मेरवान तिला पायी जाण्याच्या अंतरावर होतं. कागदाच्या वाटीतला तो चौकोनी-गोल, तुपकट, वेलदोड्याचा मावा केक तिने इतक्यांदा खाल्लाय, की बाकी सगळे केक तिच्या लेखी 'स्पंज' आहेत. तिच्याकडून 'बरं आहे' एवढा शेरा मिळवणं, हेच प्रस्तुत मार्गदर्शनाचं अंतिम उद्दिष्ट.

प्राथमिक शंकेचं निरसन

केकची चव हवी, तर केकच का करू नये? शंका रास्त आहे. पण 'कुकी' हा शब्द आला डच भाषेतून, आणि तिथे त्याचा अर्थच मुळी 'छोटा केक' असा आहे. न्यूयॉर्क जेव्हा न्यू ॲमस्टरडॅम होतं, तेव्हा डच मंडळींनी तो अमेरिकेत नेला. थोडक्यात, कुकी ही केकची लेक. तिला केकची चव देणं म्हणजे चार दिवस माहेरी आणणं. उलट 'बिस्किट' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'दोनदा भाजलेलं' आहे. आपली कुकी तर एकदाही धड भाजायची नाही. का, ते पुढे येईल.

साहित्य (दहा कुकींसाठी)

मैदा २२५ ग्रॅम, खवा १०० ग्रॅम, खारं पिवळं लोणी म्हणजे अमूल बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, किसलेला गूळ ४० ग्रॅम, एक अंडं, कॉर्नफ्लोअर एक मोठा चमचा, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, आठ-दहा वेलदोडे, चिमूटभर जायफळ. मीठ घालू नये, ते बटरने आधीच आणलेलं असतं. डेअरीत जाऊन 'मावा द्या' म्हणू नये. तिथे त्याला खवा म्हणतात. केकमध्ये गेला की त्याचा मावा होतो.

कलम १: मोजमाप

'अंदाजाने घे', 'हाताला लागेल तेवढा मैदा' या परंपरेबद्दल पूर्ण आदर राखून ती पोळ्यांपुरतीच ठेवावी. 'दोन वाट्या' असं लिहिलेल्या पाककृतीवर तर मुळीच विसंबू नये. मी घरातल्या तीन वाट्या काट्यावर ठेवून पाहिल्या. एकीत ९५ ग्रॅम मैदा मावला, दुसरीत ११०, आणि जिच्यावर 'साखरपुड्यानिमित्त मामांकडून' असं कोरलंय, तिच्यात १४०. मामा पहिल्यापासून हाताचे सढळ. पण कुकीत तेवढा मैदा गेला, तर तिची दिवाळीत उरलेली शंकरपाळी होते. डिजिटल काटा घ्यावा.

कलम २: खवा

खवा किसणीवर किसून कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतावा. खमंग वास आला, कडेला किंचित तूप दिसलं की थांबावं. इथे हमखास कोणीतरी "आता साखर टाक, पेढे होतील" असा सल्ला देतं. मोहाला बळी पडू नये. खवा ताटात पसरून पूर्ण निवू द्यावा. कोमट खवा बटरला भेटला तर बटर वितळतं आणि पुढचं सगळं ताटभर वाहतं.

कलम ३: लोणी, साखर, गूळ

बटर मऊ हवं, पातळ नको. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोट आरपार जाऊ नये. पुण्यात डिसेंबरमध्ये याला दोन तास लागतात. मेमध्ये पाकीट फ्रिजमधून काढून ओट्यापर्यंत आणेस्तोवर काम होतं.

साखर वितळते आणि कुकीला पसरवते, म्हणून ती बेताची. गूळ हवेतला ओलावा धरून ठेवतो, म्हणून कुकी दुसऱ्या दिवशीही मऊ. मात्र साधा गूळ घ्यावा, चिक्कीचा नव्हे. वेलदोडे चमचाभर साखरेबरोबर कुटावेत, पूड बारीक होते. बटर, साखर, गूळ फेसून मग अंडं, मग खवा, शेवटी चाळलेला मैदा आणि बाकीची पांढरी मंडळी. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवावा. कणीक नाही, मळायची नाही. मळलं की मैद्यातलं ग्लुटेन जागं होतं आणि कुकी वातड होते.

खाण्याचा सोडा घालू नये. सोड्याने पीठ पसरतं आणि रंग लवकर चढतो. फुगून जागच्या जागी बसायचं काम बेकिंग पावडरचं.

कलम ४: फ्रिज (सर्वांत दुर्लक्षित कलम)

पिठाचे साठ-साठ ग्रॅमचे गोळे करावेत. चपटे करू नयेत, उलट लाडूपेक्षा जरा उंचच ठेवावेत. मग झाकून किमान तीन तास फ्रिजमध्ये. गार बटर ओव्हनमध्ये उशिरा वितळतं. तोवर कडा धरतात आणि कुकीला पसरायला सवड मिळत नाही. जाडीचं सगळं रहस्य एवढंच.

अडचण जागेची. इडलीचं पीठ, सायीचं पातेलं आणि परवाची आमटी यांच्यामध्ये ताट बसवताना कौटुंबिक वाटाघाटी कराव्या लागतात. आमटी बाहेर काढून संपवणं हा सर्वमान्य तोडगा आहे. शिवाय झाकण घट्ट असावं. आमच्या पहिल्या घाण्याला लसणीच्या चटणीचा वास होता, तोही शेजारच्या कप्प्यातून आलेला.

कलम ५: भट्टी

ओव्हन १८० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवावा. ट्रेवर बटर पेपर, गोळ्यांमध्ये चार बोटं अंतर, मधला कप्पा. बारा मिनिटं. तेराव्या मिनिटाला दार उघडावं आणि मन घट्ट करावं, कारण मधला भाग कच्चा दिसेल.

मराठी स्वयंपाकघरात 'कच्चं राहिलंय' याहून मोठा आरोप नाही. भात, पोळी, कांदा, काहीही कच्चं राहिलं की घराण्याचा उद्धार होतो. त्यामुळे हात आपोआप दार पुन्हा लावायला जातो. तो दुसऱ्या हाताने धरावा. कडा सोनेरी आणि मध्य मऊ दिसला, की ट्रे बाहेर. मग दहा मिनिटं ट्रेला हात लावायचा नाही; तापलेल्या ट्रेवर आणि स्वतःच्या उष्णतेवर कुकी आतून शिजत राहते. दार पुन्हा लावलंत, तर दहा मिनिटांनी खरोखरच नानकटाई मिळेल आणि हॉलमधला तो माणूस बरोबर ठरेल.

कलम ६: परीक्षण

आत्या संध्याकाळी आली. ताटलीतली कुकी तिने उचलली, वजन पाहिलं, उलटी करून बूड पाहिलं. "मधे कच्ची आहे रे."

"नाही गं आत्या, ती तशीच असते."

"असं का," म्हणून तिने ती चहात बुडवली.

ही शक्यता मी कुठल्याच कलमात धरली नव्हती. कडक बिस्किट चहात दोन-तीन क्षण तग धरतं. आपली कुकी जाड, मऊ आणि साठ ग्रॅमची. तिचा अर्धा भाग 'डुबुक' आवाज करून थेट तळाला गेला. घरात शांतता पसरली. आत्याने न बोलता चमचा मागवला, कपाच्या तळातून तो भिजलेला लगदा काढला आणि खाल्ला. दुसरा चमचा घेतला. मग कप तिरपा करून तिसरा.

"आता लागला," ती म्हणाली. "मेरवानचा."

कलम ७ (नव्याने समाविष्ट)

कुकी वाढताना सोबत चमचा द्यावा.