संगणकाचा ठोसा

मुष्टियुद्धाच्या रिंगणात ऐन भरातल्या अलीपुढे ऐन भरातला टायसन किती फेऱ्या टिकला असता, या वादाचा मोठा फायदा म्हणजे त्यात कोणाचंच नाक फुटत नाही. 'भर' कोणता, हेही सोयीने ठरतं: आपल्या माणसाचं सर्वांत चांगलं वर्ष, दुसऱ्याची सर्वांत वाईट रात्र. टायसन म्हटलं की एकाला १९८८ साली ९१ सेकंदांत स्पिंक्सला लोळवणारा आठवतो, तर दुसऱ्याला १९९० मध्ये टोकियोत डग्लसच्या ठोशानंतर माउथगार्ड चाचपडणारा.

असाच एक वाद पूर्वी विज्ञानाकडेही सोपवून झाला. १९६९ मध्ये लढण्यावरच्या बंदीमुळे रिकामा बसलेला अली आणि तेरा वर्षांपूर्वी ४९-० असा अपराजित निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो यांना मायामीच्या स्टुडिओत लुटुपुटूचं लढवण्यात आलं. पंचेचाळिशीतल्या मार्सियानोने वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला, झाला तरुण! शेवट निरनिराळे चित्रित करून ठेवले होते. निवाडा म्हणे संगणकाचा: तेराव्या फेरीत अली आडवा. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकी प्रेक्षकांनी तिकीट काढून हा निकाल पाहिला. मार्सियानोला तो कळलाच नाही. काही महिन्यांपूर्वीच तो विमान अपघातात गेला होता.

युरोपात मात्र अलीच जिंकतो, अशी आवृत्ती दाखवली गेली. समुद्र ओलांडताना यंत्राचं मत बदललं असावं. हवापालट मानवतो काहींना.