भावी जावयाची जबानी

होतकरू जावयाने वधूच्या आईबापांची मर्जी संपादन करण्यासाठी केलेली केविलवाणी धडपड हा चित्रपटसृष्टीतील एक खात्रीचा धंदा होऊन बसला आहे. २००० सालच्या 'मीट द पॅरेंट्स' या अमेरिकन चित्रपटात रॉबर्ट डी नीरो यांनी रंगविलेला, हेरखात्यातून निवृत्त झालेला पिता भावी जावयास खोटे पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवितो. आपल्याकडे २०१४ च्या 'टाइमपास'मध्ये दहावी नापास दगडूस प्राजक्ताच्या वडिलांच्या, म्हणजे माधवराव लेल्यांच्या, क्रोधास तोंड द्यावे लागते. आणि दोन्हीकडे प्रेक्षक पोट धरून हसतो. वेंगुर्ल्यात मात्र हा प्रकार करमणुकीत न मोडता सरळ महसुली चौकशीत मोडतो.

मुंबईचा उमेदवार अंगणात पाऊल ठेवतो न ठेवतो, तोच पडवीतून प्रश्न येतो, "तू खंयचो? कोणाचो झील?" याचे उत्तर प्रश्नकर्त्यास पूर्वीच ठाऊक असते, कारण उमेदवाराचे कूळ, कर्ज आणि त्याच्या मामाचे व्यसन यांचा साद्यंत तपशील शिरोड्याच्या कोणा मावशीमार्फत आधीच दप्तरी दाखल झालेला असतो, आणि जबानी घ्यावयाची ती केवळ रुजुवातीसाठी. शिवाय बापाने संबंध मोडावा म्हणून आणि कन्येने तो जुळावा म्हणून, असा उभय पक्षांनी आरवलीच्या एकाच वेतोबास केळ्यांचा घड बोललेला असतो. त्या देवाची अडचण कोणी विचारात घेत नाही.

मग उमेदवार दादरच्या दुकानातून चकचकीत डब्यात बांधून आणलेले काजूगर नम्रपणे पुढे करतो. ज्या गावच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जातींना 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशी गावाचीच नावे देऊन त्या कोकणभर पोचविल्या, त्या गावी! सासरेबुवा एक गर उजेडात धरतात आणि "ह्यो आफ्रिकेचो," असा निवाडा देऊन डबा बाजूस सारतात. (याच केंद्राने नीलम आणि हापूस यांचा आंतरजातीय संबंध जुळवून १९८१ साली 'रत्ना' आंबा काढला, आणि पुढे त्या रत्नाचे पुन्हा हापूसशीच लग्न लावून १९९२ साली पातळ कोयीचा 'सिंधू' काढला, त्या वेळी हापूसच्या घराण्याने हरकत घेतल्याचे किंवा कोणी सगोत्राचा मुद्दा उपस्थित केल्याचे ऐकिवात नाही.)

तथापि खरी परीक्षक पडवीत नसून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असते. बांगड्याच्या तिखल्यातील तिरफळ कचकन चावणारा उमेदवार जागीच बाद होतो. पेडव्याचे काटे बोलता बोलता अलगद वेगळे काढणारा मात्र, पगार बेताचा असला तरी, तरून जातो. "पेडवे बरे खाल्ल्यान," एवढा अभिप्राय आतून आला, की बाहेरच्या कचेरीत मंजुरीचा शेरा मारण्यावाचून दुसरे काम उरत नाही.

हे सारे विनोदी आहे, यात वाद नाही; प्रश्न एवढाच, की ते विनोदी झाले केव्हापासून? हाती पोह्यांचे तबक देऊन पिढ्यान्‌पिढ्या मुलींना चालविले, गावयास लावले, सुईत दोरा ओवावयास सांगितला, वेणी सोडवून केसांची लांबी पाहिली, तेव्हा घरादारात कोणास हसू फुटल्याचे नमूद नाही. वराच्या परीक्षेची तर बातच नको; देवलांच्या १८९९ सालच्या 'शारदा' नाटकात शारदेच्या बापाने, कांचनभटाने, म्हाताऱ्या वराच्या, भुजंगनाथाच्या, वयाकडे डोळेझाक केली ती त्याच्या पैशाकडे पाहून. पुढे काळ पालटून उमेदवारी पुरुषाच्या वाट्यास आली, तीही एका दुपारपुरती, आणि लगेच त्या प्रसंगाचा चित्रपट होऊन परीक्षार्थ्यास चित्रपटगृहभर सहानुभूती मिळू लागली! प्रस्तुत लेखकास या जावयांची कीव करण्याचे काही कारण दिसत नाही. त्यांनी पेडवे खाण्याचा सराव करावा, आणि वेंगुर्ल्यास येताना काजू आणू नयेत.