बढती

नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या कंपनीत पगार वाढत नाही, हुद्दा वाढतो. क्वालिटी इंजिनिअर म्हणून चिकटलो, मग सीनियर झालो, मग असिस्टंट मॅनेजर आणि यंदाच्या दिवाळीत, बोनसऐवजी, थेट डेप्युटी जनरल मॅनेजर. हाताखाली माणूस एकच, तोही अर्धा. दुपारनंतर स्टोअर्सला बसतो. पगार तोच, फक्त शनिवारच्या सुट्टीलाही आता फोन येतो. तरी शेठनी नवी व्हिजिटिंग कार्डं हातात दिली तेव्हा, खोटं कशाला बोलू, छाती फुगली. घरी जाताना मायको सर्कलच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याला एक कार्ड द्यावंसं वाटलं. 2008 साली मायको कंपनीचं नाव बॉश झालं, तरी चौक अजून मायकोचाच आहे. सासरेबुवांनाही जावई मायकोतलाच हवा होता. आता निदान 'आमचे डीजीएम' म्हणून मिरवतात.

आमच्याकडे मॅनेजमेंट नसलं तरी फाइव्ह एस आहे. नको ते काढा, उरलेलं जागेवर ठेवा, पुसा, नियम लावा, पाळा, अशी ही जपानी पद्धत. शेठना त्यातली पिवळी टेप तेवढी आवडली. मशीनभोवती टेप, ट्रॉलीभोवती टेप, कचऱ्याच्या डब्याभोवती टेप. माझ्या टेबलावर स्टेपलरसाठी चौकोन आखून आत 'स्टेपलर' असं लिहिलं. स्टेपलर त्याच आठवड्यात अकाउंट्सवाल्यांनी नेला. चौकोन राहिला. कस्टमरचे ऑडिटर आले, चौकोनापाशी थबकले. "स्टेपलर कुठे आहे?" मी डीजीएमच्या आवाजात म्हणालो, "कॅलिब्रेशनला गेलाय." त्यांनी लिहून घेतलं! पुढच्या ऑडिटला त्याचं सर्टिफिकेट मागणार आहेत. शेठच्या केबिनमध्ये मात्र टेप नाही. तिथे पुतण्या डायरेक्टर आणि मेहुणा एचआर असल्यामुळे 'नको ते काढा' हा पहिलाच नियम अडचणीचा आहे.

प्रेस शॉपला आयटीआय झालेला एक पोरगा आहे, कॉन्ट्रॅक्टवर. डाय घासली की त्याला आवाजावरून कळतं. पार्टच्या कडेला खरखरीत बर आली की माझ्या गेजच्या आधी त्याच्या बोटाला समजतं. वर्षात 240 दिवस भरले की कायदा कामगाराच्या बाजूने थोडा उभा राहतो. म्हणून ते भरायच्या आत कॉन्ट्रॅक्टर त्याला 'ब्रेक' देतो. परत येतो तो नव्या गेटपासवर, नव्या जॉइनिंग डेटनं. मग त्याच्या स्किल मॅट्रिक्सवर मी सही करतो: 'नवीन. ट्रेनिंग आवश्यक.' मागच्या ब्रेकमध्ये गंगापूर रोडला भेटला, पाठीवर डिलिव्हरीची बॅग. "साहेब, रिजेक्शन किती चाललंय?" त्यानंच विचारलं. आकडा मला पाठ होता. सांगवेना.

त्याला कार्ड नाही, हुद्दा नाही. प्रेस मात्र त्याच्यामुळे चालते. माझ्यामुळे काय चालतं, ते अजून ऑडिटरलाही सापडलेलं नाही.

तेव्हा लग्नाकार्यात कुणी कार्ड पुढे केलं, तर हुद्दा वाचू नका. पगार कितव्या तारखेला होतो, एवढंच विचारा. माझं कार्ड मिळालं तर मात्र चारचौघांत मोठ्यानं वाचा. पगारवाढ तेवढीच झाली आहे.