गब्बरला गुळगुळीत करणाऱ्यास

श्री. मोशन स्मूदिंग यांस,
मु. टीव्ही, सेटिंग्ज, पिक्चर, ॲडव्हान्स्ड, पार तळाशी.



पत्ता शोधण्यातच अख्खा रविवार गेला. एका कंपनीच्या टीव्हीत तुम्ही ‘ट्रूमोशन’, दुसऱ्या कंपनीच्या ‘मोशनफ्लो’, तिसऱ्या ठिकाणी ‘ऑटो मोशन प्लस’. इतकी नावं घेऊन फिरणारा इसम राजकमल चौकात दिसला असता, तर लोकांनी आधी आधार कार्ड मागितलं असतं.

परवा घरी १९७५ चा ‘शोले’ लावला. गब्बर खडकावर येरझाऱ्या घालतो, हातातला काडतुसांचा पट्टा दगडावर घासत जातो. तिथंच तुम्हाला हालचाल गुळगुळीत करण्याच्या समाजसेवेची उबळ आली. पट्ट्याच्या कडा थरथरायला लागल्या आणि बुटांभोवती अंधुकसं तेजोवलय उगवलं. डाकूला थेट संतपद! काकाजी सोफ्यावरून म्हणाले, “हे तं सीरियल होय बाप्पा! पिक्चर काऊन असा दिसून राह्यला?”

काकाजींचं निदान बिनचूक होतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. दूरदर्शनच्या व्हिडिओवरच्या मालिका सेकंदाला ५० अर्धचित्रांच्या. वर्षानुवर्षं दोन्ही बघून डोळ्यांनी आपलं ठरवून टाकलंय: सरसर सरकतं ते स्टुडिओतलं, किंचित अडखळतं ते रामगढमधलं. २४ हा काही वेदातला आकडा नव्हे, हेही मान्य. हातानं कॅमेरा फिरवायच्या काळात वेग ऑपरेटरच्या मनगटावर असे. १९२० च्या दशकाअखेर बोलपट आले, आवाजासाठी वेग एकसारखा लागू लागला, आणि फिल्मचा खर्च बघून २४ वर सौदा पटला. हिशेबाची तडजोड होती, पण डोळ्यांना ती मानवली.

ती मोडू पाहणारे तुमच्याआधीही झाले. पीटर जॅक्सननं २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ ४८ वर दाखवला, तर अनेकांना जादूनगरीऐवजी रंगवलेला सेट आणि नटांचा मेकअपच दिसला. अँग ली २०१६ मध्ये १२० पर्यंत गेले. तसा खेळ दाखवू शकणारी थिएटरं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कॅमेरॉननं २०२२ च्या ‘अवतार’मध्ये शहाणपणानं काही प्रसंगच ४८ वर ठेवले. पटो न पटो, या मंडळींनी चित्रं खरोखर काढली तरी होती. तुम्ही २४ चा सिनेमा ६० वर नेता, म्हणजे सेकंदाला निदान ३६ चित्रं पदरची घालता! दोन चित्रांच्या मध्ये काय झालं असेल याचा अंदाज बांधायचा आणि तो दिग्दर्शक रमेश सिप्पींच्या नावावर खपवायचा. रिळं कापणारे ऑपरेटर आमच्या गावीही पाहिलेत, पण घरून रीळ शिवून आणणारे तुम्हीच पहिले.

टॉम क्रूझनं २०१८ मध्ये व्हिडिओ काढून लोकांना विनवलं, याला बंद करा. पुढच्या वर्षी कंपन्यांनी ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. म्हणजे दिग्दर्शकानं काढलं तसं दाखवणं ही आता खास सोय झाली. आणि तुम्ही? खोक्यातून निघतानाच चालू. कारण ठाऊक आहे: एलसीडी पडद्यावर धावती वस्तू पुसट होते, शिवाय शोरूमच्या ट्यूबलाइटखाली तुमची चकाकी गिऱ्हाईक पटवते. गिऱ्हाईक टीव्ही घेऊन घरी जातं आणि नावं ठेवतं सिनेमाला.

क्रिकेट असलं की या. चेंडू स्पष्ट दिसतो, तिथं आमची तक्रार नाही. सिनेमा लागला की मात्र गुमान ‘ऑफ’वर बसायचं.

आपला,
२४ वर समाधानी एक प्रेक्षक, अमरावती

ता. क. रात्री सॉफ्टवेअर अपडेट झालं. सकाळी तुम्ही पुन्हा ‘हाय’वर. रिमोट काकाजींकडे दिला आहे.