ज्याला मामा नाही त्याचा देश

जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींच्या तक्रारींची यादी केली, तर थंडी आणि बेचव जेवण यांचा नंबर बराच खाली लागेल. अग्रपूजेचा मान कागदांचा. या तक्रारीत तथ्य आहे, हे मान्य करूनही माझं म्हणणं असं की, जर्मनीतला कागद विद्यार्थ्याला छळण्यासाठी जन्माला आलेला नाही; तो त्याच्या मामाची उणीव भरून काढायला आलेला आहे. आपल्याकडे नव्या गावात बस्तान बसवायचं तर आधी नातं शोधतात. गॅसची जोडणी असो, कुठला दाखला असो की हॉस्टेलची खोली, वाट कुणाच्या तरी मामाच्या ऑफिसातून जाते. ज्याला असा मामाच नाही त्यानं काय करावं, याचा आपण फारसा विचार केलेला नाही. जर्मनांनी तो केला, आणि जरा जास्तच केला.

सुरुवात व्हिसापासूनच होते. मुलाच्या खर्चाची हमी कोण देणार, या प्रश्नाला आपलं ठरलेलं उत्तर ‘आम्ही आहोत ना!’ जर्मन वकिलातीला मात्र ‘आम्ही’ म्हणजे कोण आणि ‘आहोत’ म्हणजे किती, हे आकड्यात हवं असतं. सप्टेंबर 2024 पासून हा आकडा वर्षाला 11,904 युरो आहे. ही रक्कम ‘श्पेरकोंटो’ नावाच्या खात्यात आधी भरायची आणि तिथे पोचल्यावर दरमहा 992 युरो या हिशेबानं आपलीच आपण परत घ्यायची. उधळ्या मुलाला आवरणाऱ्या वडिलांचं काम बँक करते आणि वर त्याचं शुल्कही घेते. जर्मनीत खराखुरा मामा राहत असेल, तर त्याचीही सोय आहे. त्यानं कचेरीत जाऊन भाच्याच्या खर्चाची जबाबदारी लिहून द्यायची; फक्त आधी त्याच्या पगाराचे कागद तपासले जातात. लग्नकार्यात ‘काही लागलं तर हक्कानं सांग’ म्हणणारे किती मामा या अटीपुढे टिकतील, याचा अंदाज ज्याचा त्यानं आपापल्या आजोळी घ्यावा.

घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आन्मेल्डुंग’. त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं, की हा प्राणी खरोखरच माझ्याकडे राहायला आलेला आहे. एकदा ही नोंद झाली, की पत्रपेटीला कंठ फुटतो. न मागता 11 अंकी करक्रमांक येतो. न मागता रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येतं: घरामागे महिना 18.36 युरो, मग घरात टीव्ही असो वा नसो. मात्र ही पत्रं पोचायला पेटीवर आडनाव हवं. तिथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो, आणि आडनाव दिसलं नाही तर परत नेतो. ‘कुलकर्ण्यांकडे नवीन आलेला तूच ना?’ असं विचारणारा वॉचमन तिथे नाही. पेटीवर चिठ्ठी नसेल तर तुम्ही कोणीच नाही, हे खरं. पण चिठ्ठी असेल तर तुम्ही कोण, कुठले, कुणाचे, हे कुणी विचारत नाही, हेही तितकंच खरं.

या व्यवस्थेची गंमत रविवारी कळते. रविवारची सुट्टी 1919च्या वायमार राज्यघटनेतून सध्याच्या मूलभूत कायद्यात जशीच्या तशी आलेली आहे. स्टेशनवरची दुकानं आणि काही तास उघडणाऱ्या बेकऱ्या सोडल्या, तर बाजार बंद. भिंतीत ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगवेगळ्या डब्यांत टाकायच्या असल्या तरी आज त्या खळखळवायच्या नाहीत. दूध संपलं तर तुमच्यासाठी मागच्या दारानं शटर अर्धं वर होणार नाही. पण ते प्राध्यापकांसाठीही होत नाही आणि नगराध्यक्षांसाठीही नाही. कोरा चहा पिताना हा विचार जितका शांतपणे करता येईल तितका करावा.

आता आक्षेप. पहिला असा की, नियमांचं हे चक्र नवख्यालाच भरडतं. घर हवं तर मालक उत्पन्नाचा पुरावा मागतो, नोकरीला खातं लागतं, खात्याला पत्ता लागतो आणि पत्त्याला घर. हा आक्षेप खरा आहे, पण गाठ नेमकी कुठे बसते पाहा. ती घरापाशी बसते, आणि खोली मिळणं ही एकच गोष्ट तिथे नियमावर चालत नाही. सामायिक घरातली खोली हवी असेल, तर आधीचे रहिवासी उमेदवाराला समोर बसवून त्याच्या आवडीनिवडी, स्वयंपाक आणि झोपेच्या वेळा विचारतात. हा शुद्ध कांदेपोह्यांचा कार्यक्रम. फक्त पोहे नसतात आणि ‘कळवतो’ म्हणून कळवत नाहीत, ती रीत मात्र तीच. म्हणजे जिथे ओळखीपाळखीला वाव आहे, तिथेच परका अडतो. याला मी माझ्या बाजूचा पुरावा समजतो.

दुसरा आक्षेप: नियम एवढे थोर, तर मग रेल्वेचं काय? 2024 मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम 62 टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर हा तिथे उशीर धरतच नाहीत. पण नियम मोडला तर काय करायचं याचाही नियम आहे: तासभर उशीर झाला की तिकिटाचे 25 टक्के, दोन तासांना 50 टक्के परत. विद्यापीठांनी तर उशिरालाच कायदेशीर करून टाकलं आहे. वेळापत्रकात दहाच्या पुढे ‘त्से. टे.’ ही अक्षरं असली, तर तास सव्वादहाला सुरू होतो. उशिरा येणं आपल्यालाही जमतं. सगळ्यांनी मिळून नेमका पाव तास उशिरा येणं, हे मात्र आपल्याला जमलेलं नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड: नियम पोट भरतो, मन भरत नाही. कबूल. त्यावर जर्मन उत्तर म्हणजे संस्था काढा. किमान 7 सभासद जमवा, घटना लिहा, नोंदणी करा आणि मग खुशाल गणपती बसवा. यात कोरडेपणा वाटेल. पण अध्यक्षपद, खजिनदार आणि हिशेबावरून भांडण एवढं हाताशी आलं, की मराठी माणसाला परदेश परका राहत नाही.

तरी एक गोष्ट उरते. नियम सर्वांसाठी असला, तरी तो वाचायला जर्मन यावी लागते. म्हणून प्रत्येक विद्यापीठाच्या गावात दोन वर्षं जुना एखादा दादा किंवा ताई तयार होते, आणि नव्या मुलांचे फोन रात्री दहानंतरही उचलते. तेव्हा मामा नाहीसा होत नाही, त्याचं खातं बदलतं. इकडचा मामा रांग चुकवून देतो. तिकडचा दादा फक्त सांगतो, की रांग कुठली, कागद कोणते, आणि रांगेत त्याच्यासाठीही जागा धरायची नसते.